गळा कुणाचा, गाणे कुणाचे

सोलापुरात राम जोशी हे नाव आज आदराने घेतले जाते. तो लावण्या रचत होता तेव्हा त्याच्या घरात मात्र त्याला आदर नव्हता. थोरले बंधू मुद्गल जोशी पुराण सांगणारे, व्युत्पन्न गृहस्थ, आणि धाकटा राम तमाशाच्या फडात. भावाने त्याला घराबाहेर काढले, तो पंढरपुरात जाऊन संस्कृत शिकला, परत येऊन कीर्तने करू लागला आणि अखेर पुन्हा डफ-तुणतुण्याकडेच वळला, अशी कथा सांगतात. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली. मला या कथेतल्या भावाभावांच्या तंट्यापेक्षा लावणीच्या घडणीचे कुतूहल अधिक आहे. रचणारा पुरुष. लावणीतली ‘मी’ बहुधा स्त्री. आणि पेशवाईच्या अखेरच्या काळातल्या फडात ती पुष्कळदा सादर करणारा नाच्या पोऱ्या, म्हणजे लुगडे नेसलेला मुलगा. शब्द एकाचे, गळा दुसऱ्याचा आणि ज्या बाईचे ते मनोगत ती तिसरीच. ती तर कुठे नसतेच. समोर बसलेल्या माणसांना यात काही चमत्कारिक वाटत नसे. ती त्या नसलेल्या बाईवर फिदा होत आणि दौलतजादा मात्र असलेल्या मुलावर करत.

हे आठवण्याचे कारण लावणीपासून फार दूरचे आहे. गेली काही वर्षे मी गावातल्या एका लहानशा वाचनालयात रविवारी सकाळी मुलांना जुन्या तबकड्या ऐकवतो. मी संगीत कुठे रीतसर शिकलेलो नाही. गिरणी बंद पडल्यावर भंगाराच्या भावात विकल्या जाणाऱ्या ७८ च्या तबकड्या गोळा करता करता जे कानावर पडले आणि वाचनात आले तेवढीच माझी पुंजी. मुले तेरा ते सतरा वयाची. घरात कुणी तेलुगू बोलते, कुणी कन्नड, कुणी दखनी, आणि आपसात सगळी सोलापुरी मराठी. एका रविवारी त्यांनी बालगंधर्वांची तबकडी मुकाट्याने ऐकून घेतली आणि मग म्हणाली, आता काका, तुम्ही आमचे ऐका. फोनवर एक अतिशय उंच, काचेसारखी पातळ, दम न घेता धावणारी मुलगी जपानीत गात होती. ‘‘हिचं नाव मिकू,’’ एक मुलगी म्हणाली. ‘‘पण ती नाहीये.’’

पुढच्या आठवड्यात दोन पालक भेटायला आले. मुले रात्र रात्र हेच ऐकतात, भाषा कळत नाही, चित्रे भलतीच असतात, आणि एका गाण्याचा अर्थ शोधला तर तो जीव देण्याबद्दल निघाला. तुम्ही जाणकार आहात, यातले काय ऐकू द्यावे आणि काय नको ते लिहून द्या, असे त्यांचे म्हणणे. यादी द्यायला मी तयार होतो. पण ज्याची यादी द्यायची ते कुठून आले हे पाहिल्याशिवाय लिहून देणे म्हणजे न चाखता मीठ सांगणे, म्हणून हा शोध सुरू झाला.

यंत्राला बोलते करण्याचा खटाटोप बराच जुना आहे. व्हिएन्नाच्या दरबारातल्या वोल्फगांग फॉन केंपेलेनने भाता, पत्ती आणि रबरी तोंड वापरून बोलणारे यंत्र केले आणि १७९१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. इकडे राम जोशी लावण्या रचत होता तेच हे दिवस. भाता आणि पत्ती म्हटल्यावर आपल्याला पेटी आठवेल, आणि ते योग्यच आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेच्या होमर डडलीचे ‘व्होडर’ लोकांनी पाहिले. दहा बोटांखाली कळा, मनगटाखाली एक पट्टी, आवाजाची उंची बदलायला पायाखाली पॅडल. ते वाजवणाऱ्या तरुणींना सुमारे वर्षभर तालीम घ्यावी लागे, तेव्हा कुठे यंत्र एक वाक्य समजेलसे बोले. म्हणजे ते बोलणारे यंत्र नव्हते, बोलण्याचे वाद्य होते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि पुढे तो पुन्हा लागणार आहे. १९६१ मध्ये त्याच बेल प्रयोगशाळेत जॉन केली आणि कॅरोल लॉकबॉम यांनी आयबीएमच्या संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे जुने इंग्रजी गाणे गाऊन घेतले. साथसंगत मॅक्स मॅथ्यूज यांची. ते ऐकलेल्यांत लेखक आर्थर क्लार्क होते, म्हणून १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ चित्रपटातला संगणक बंद पडता पडता तेच गाणे म्हणतो. इंग्रजी जगाने गाणाऱ्या यंत्राची पहिली मोठी कल्पना केली ती ही : मरणारा खुनी संगणक. जपानी मुलांनी केलेली कल्पना अगदी वेगळी आहे.

ती समजायला सोलापूरच्या फलाटावर उभे राहिले तरी पुरे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसची घोषणा होते तेव्हा ती बाई त्या क्षणी कुठे बसून बोलत नसते. गाडीचे क्रमांक, नावे, फलाटांचे आकडे, ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ हे सारे तुकडे कधीतरी एकदा मुद्रित केलेले असतात आणि यंत्र ते हवे तसे जोडते. देशभर ओळखला गेलेला हा आवाज मध्य रेल्वेच्या सरला चौधरी यांचा. १९८० च्या दशकात त्या उद्घोषक म्हणून लागल्या. पुढे त्या दुसऱ्या विभागात काम करत असतानाही फलाटांवर त्यांचा आवाज गाड्या सोडतच होता. नीट कान दिला तर आकड्या-आकड्यामधला सांधा ऐकू येतो, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या श्वासात म्हटलेला असतो.

व्होकॅलॉइड म्हणजे याच युक्तीचे फार बारीक काम. यामाहा कंपनीत हिदेकी केनमोची यांनी २००० च्या सुमारास बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठाबरोबर हे संशोधन हाती घेतले आणि २००३ मध्ये ते जाहीर झाले. इथे शब्दांचे तुकडे नसतात. एका अक्षरातून दुसऱ्यात जातानाचे वळणसुद्धा मुद्रित केलेले असते. गाणारी व्यक्ती कित्येक तास अर्थहीन अक्षरमाला म्हणते. ती एका कोशात साठवतात. मग घरबसल्या कुणीही संगणकावर पट्ट्या ओढून सुरावट मांडायची, प्रत्येक सुराखाली अक्षर लिहायचे, आणि यंत्र तुकडे सुरात लावून, सांधे पुसून गाते. कंप किती, श्वास किती, कुठे जोर, हे सारे मांडणाऱ्याने हाताने सांगायचे. जाणकार एकाच ओळीवर रात्र घालवतो. व्होडरसारखेच हेही वाद्य आहे. नुसता हुकूम सोडून गाणारे यंत्र नव्हे. अलीकडच्या आवृत्त्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे आणि बरेचसे बारकावे यंत्र आपले आपण भरते, पण ज्या गाण्यांवर ही मुले वेडी आहेत त्यांतली जुनी गाणी हाताने घडवलेली आहेत.

सुरुवातीचे आवाज फारसे खपले नाहीत. ३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने हात्सुने मिकू बाजारात आणली आणि चित्र पालटले. नावाचा अर्थ ‘भविष्याचा पहिला सूर’ असा लागतो. वय सोळा, उंची १५८ सेंटिमीटर, निळसर हिरव्या दोन लांबलचक शेंड्या. एवढाच परिचय कंपनीने दिला. कथा नाही, आईबाप नाहीत, स्वभाव नाही. आवाज साकी फुजिता या तरुण स्वरअभिनेत्रीचा. ती का निवडली गेली, याचे कारण या सगळ्या इतिहासातले मला सर्वांत मोलाचे वाटते : कंपनीला आधी व्यावसायिक गायक हवे होते, पण आपल्या गळ्याची नक्कल तयार होईल या धास्तीने पुष्कळांनी नकार दिला. तेव्हा कंपनीने एखाद्या गायिकेची प्रतिकृती करण्याचा नाद सोडला आणि फुजिताच्या आवाजातून तिसरेच कुणीतरी घडवले. नकार देणाऱ्यांची भीती खरी होती, हे पुढे सतरा-अठरा वर्षांनी मुंबईत सिद्ध व्हायचे होते.

कंपनीने आणखी एक शहाणपण केले. नफ्याशिवाय मिकूचे चित्र काढायला, गाणे करायला, तिच्यावर काहीही रचायला सर्वांना मुभा दिली, आणि २०१२ मध्ये ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आणली. परिणाम असा, की एकाने चाल करावी, दुसऱ्याने चित्र काढावे, तिसऱ्याने ते हलते करावे, चौथीने तेच गाणे स्वतःच्या गळ्यातून म्हणावे. लावणीच्या फडात तिघे होते. इथे फड गावभर झाला.

आपल्याकडेही गळा आणि नाव यांची फारकत झाली होती आणि ती मोडायला भांडण करावे लागले, हे मुलांना ठाऊक नव्हते. १९४९ च्या ‘महल’ची तबकडी मी त्यांच्या हातात दिली. त्या चित्रपटातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापलेले असे. कामिनी ही चित्रपटातली व्यक्तिरेखा. गाणाऱ्या होत्या एकोणीस-वीस वर्षांच्या लता मंगेशकर. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, ही कोण गाते. तेव्हा खरे नाव सांगावे लागले. पुढे फिल्मफेअरच्या सोहळ्यात, संगीतकाराला पुरस्कार आहे पण पार्श्वगायकाला नाही, या कारणासाठी लताबाईंनी गायला नकार दिला. १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच, ‘मधुमती’साठी मिळाला. एका मुलाने विचारले, म्हणजे तेव्हा लता मंगेशकर मिकू होत्या का? मी म्हटले, त्या फुजिता होत्या, मिकू कामिनी. हे उत्तर मला त्या क्षणी सुचले, पण अजूनही बदलावेसे वाटत नाही.

*

पालकांच्या प्रश्नाचाही इतिहास आहे, आणि त्यात एक मराठी माणूस मध्यभागी उभा आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस विद्वान, स्वतः रागसंगीताचा उपासक. चित्रपटसंगीताने तरुणांची रुची बिघडते अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी गाण्यांवर कात्री लावली, निर्मात्यांशी बिनसले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षी, ३ डिसेंबरला, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी एकेक पायदान चढत गाणी सांगत आणि आकाशवाणीच्या श्रोत्याने सुई कोलंबोकडे वळवलेली असे. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, सरकारने ‘विविध भारती’ काढून ती गाणी परत आणली. केसकरांनी रागसंगीतासाठी जे केले ते मोठे आहे. रेडिओ संगीत संमेलनांनी कित्येक कलावंत जगवले. पण मुलांनी काय ऐकू नये हे ठरवायला गेल्यावर मुले काय करतात, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही. ती दुसरे केंद्र लावतात. आणि तिथे कुणी वडीलधारे बसलेले नसते.

पेटीचीही गंमत आठवा. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियम हद्दपार केली. परकी, ठोकळ सुरांची, श्रुतींचा गळा दाबणारी, असे तिच्यावर आरोप. साथीला ती परत यायला १९७१ उजाडले. तोवर महाराष्ट्रातल्या प्रत्येक भजनी मंडळात तीच वाजत होती. आज इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाज करणारे बुवा मिकूला यंत्र म्हणून नाक मुरडतात, तेव्हा मला हसू येते. (ते मला रविवारी पेटी दुरुस्तीला पाठवायला सांगतात, हे वेगळेच.)

म्हणून मी पालकांना ‘ऐकू नये’ची यादी दिली नाही. ‘काय ऐकावे, कुणाबरोबर ऐकावे’ची दिली, आणि ती इथे थोडक्यात सांगतो, कारण दिवाळी अंक वाचणाऱ्या घरांतही नातवंडे आहेत.

ज्यांनी हे कधीच ऐकलेले नाही त्यांनी ‘टेल युअर वर्ल्ड’पासून सुरुवात करावी. २०११ च्या अखेरीस गूगल क्रोमच्या जपानी जाहिरातीसाठी लाइव्हट्यून या संगीतकाराने केलेले हे गाणे. विषय एवढाच, की आपल्या मनातले कुणापर्यंत तरी पोचावे. मग ‘मेल्ट’, डिसेंबर २००७ चे, र्‍यो याने केलेले. त्याआधीची मिकूची बरीच गाणी ‘मी यंत्र आहे’ अशा थाटाची होती. हे एका साध्या मुलीच्या साध्या प्रेमाचे होते आणि असंख्य मुलामुलींनी ते स्वतःच्या गळ्यातून गाऊन पाहिले. चौदा वर्षांच्या मुलाला ही गाणी खुशाल ऐकू द्या. आपल्या भावगीतांत याहून अधिक विरह आहे.

‘सेनबोन्झाकुरा’ (२०११, कुरोउसा-पी) आजीबरोबर ऐकण्याचे. तैशो काळातल्या आधुनिकतेच्या आणि सैनिकी संचलनाच्या प्रतिमा त्यात आहेत, त्यावर जपानातही वाद झाले, तेव्हा मोठ्या मुलांना तो काळ समजावून द्यावा. पण चाल अशी, की कोतो, शामिसेन, शाकुहाची ही परंपरागत वाद्ये घेऊन वागाक्की बँडने ती उचलली आणि २०१५ च्या वर्षअखेरीला एनएचकेच्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमात साठी ओलांडलेल्या साचिको कोबायाशी यांनी ती गायली. त्या एन्का गायिका. एन्का म्हणजे साधारण आपल्याकडे जुन्या भावगीताला असलेला मान. एखाद्या ज्येष्ठ नाट्यगायिकेने मुलांच्या संगणकातले पद रंगमंचावर घ्यावे तसे ते झाले.

शास्त्रीय कानाच्या वडीलधाऱ्यांसाठी मी इसाओ तोमिता यांची ‘इहातोव’ सिंफनी सुचवतो. सिंथेसायझरवर देबुसी वाजवून जगभर नाव झालेल्या या संगीतकाराने वयाच्या ऐंशीव्या वर्षी, २०१२ मध्ये, केन्जी मियाझावाच्या साहित्यावर ही रचना केली, आणि पूर्ण वाद्यवृंद व गायकवृंदासमोर एकल गायिका म्हणून मिकूला उभे केले. मियाझावा हा जिवंतपणी फारसा न वाचला गेलेला, सदतिसाव्या वर्षी गेलेला कवी-शिक्षक. त्याच्या गोष्टींतल्या अधांतरी पात्रांना देह नसलेला आवाजच हवा होता, हे म्हाताऱ्याला कळले. वाचनालयात ही रचना लावली तेव्हा मुले कंटाळली आणि मी हरखलो. असो.

‘हात्सुने मिकूचे नाहीसे होणे’ हे कॉस्मोचे गाणे मात्र मुलांनी मला तीनदा ऐकवले. इतक्या द्रुत लयीत अक्षरे कोसळतात की माणसाच्या जिभेला ते जमू नये, अशाच बेताने ते रचलेले आहे. मजा अशी की माणसांनी ते म्हणून दाखवायचा चंगच बांधला आणि काहींनी जमवले. मी मुलांना त्यानंतर लगेच एक द्रुत तराणा ऐकवला. अर्थहीन अक्षरे, वाढती लय, शेवटी श्वासाची परीक्षा. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी रागसंगीताची तबकडी पुन्हा लावा म्हणाले.

आता अवघड भाग. वोवाका या संगीतकाराचे ‘रोलिंग गर्ल’ (२०१०) एका मुलीबद्दल आहे जी पुन्हा पुन्हा स्वतःला फेकून देते आणि कुणी विचारले तर अजून नाही म्हणते. पालकांना धसका बसला तो याच गाण्याने. वोवाका २०१९ मध्ये एकतिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. मुलांनी त्याचा स्मृतिदिन पाळलेला मी पाहिला आहे. किकुओ याचे ‘आइशिते आइशिते आइशिते’ (२०१३) याहून काळे आहे : कुणीतरी आपल्यावर प्रेम करावे म्हणून स्वतःला संपवत नेणारे मूल, आणि चाल मात्र पाळण्यासारखी गोड. ही गाणी वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. दुसरे तर कारागिरीच्या दृष्टीने पहिल्या प्रतीचे आहे. पण पंधराच्या आतल्या मुलाच्या कानात हेडफोन घालून एकट्याने ऐकण्याची ती नव्हेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांना या गाण्यांत काय सापडते हे मी त्यांनाच विचारले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग बारावीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेला एक मुलगा म्हणाला, माणूस हे गात असता तर मला त्याची काळजी वाटली असती, घाबरलो असतो. मिकूला काही होत नाही, म्हणून ऐकता येते. या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. दुःख सांगणारी बाई जिथे खरी नाही तिथे ऐकणारा आपले दुःख तिच्या अंगावर घालून पाहू शकतो. लावणीतल्या विरहिणीच्या बाबतीत, ओवीतल्या सीतेच्या बाबतीत हेच घडत आले आहे. जात्यावरची बाई सीतेचा वनवास गाई तेव्हा घरात कुणाला तिच्या स्वतःच्या वनवासाबद्दल विचारायची सोय नसे आणि गरजही वाटत नसे. गरज वाटत नसे, इथेच घोटाळा होता. म्हणून त्या दोन पालकांना मी एवढेच सांगितले, की गाणे बंद करू नका. ते शेजारी बसून एकदा ऐका, आणि मग गाण्याबद्दल नव्हे, मुलाबद्दल विचारा. उत्तर ऐकून पोटात गोळा आला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तो मराठीतही बोलतो. त्यातल्या एका आईने शेजारी बसून ऐकले. मुलाने तिला अर्थ सांगितला. पुढे त्यांचे काय बोलणे झाले ते मी विचारलेले नाही.

*

मुंबई उच्च न्यायालयाकडे आता वळतो, कारण इतिहासाचे हे पान अजून ओले आहे. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांनी आपल्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध दाद मागितली आणि न्यायमूर्ती रियाज छागला यांनी त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना तसाच दिलासा मिळाला. परवानगीशिवाय एखाद्याच्या आवाजाची प्रतिकृती करणे हा त्या व्यक्तीच्या व्यक्तिमत्त्व-हक्कांचा भंग आहे, अशी न्यायालयाची प्रथमदर्शनी भूमिका. नव्वदी पार केलेल्या बाईंना आपला गळा आपला आहे हे न्यायालयात जाऊन सांगावे लागले. पासष्ट वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीचे भांडण नावासाठी होते, की माझ्या आवाजावर माझे नाव लावा. आताचे नेमके उलटे आहे : जे मी गायलेच नाही त्यावर माझा आवाज लावू नका.

मधला मार्गही एकाने दाखवला. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’मधल्या एका गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा उभे केले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. त्यावरही मतभेद झाले. माझ्या मते वारसांनी दिलेली परवानगी ही गायकाची परवानगी नव्हे. मेलेला माणूस सूर नापसंत करू शकत नाही, आणि चांगला गायक आयुष्यभर सर्वांत जास्त काही करत असेल तर तेच. फुजिता जिवंत आहे, तिने जाणूनबुजून अक्षरे दिली, आणि जे घडले त्याला तिचे नव्हे, मिकूचे नाव आहे. मुलांना मी हा भेद शिकवतो. दिवंगत गायकांच्या गळ्यात नव्या चित्रपटांची गाणी घालून फिरवल्या जाणाऱ्या फिती त्यांच्या फोनवर मिकूइतक्याच येतात. एक यंत्र, पण पहिली देणगी आहे आणि दुसरी चोरी. तेरा वर्षांच्या मुलाला हे दोन मिनिटांत कळते, मोठ्यांना वेळ लागतो.

यातून निघालेला उद्योग असा. मिकूकडून मराठी म्हणवून घ्यायचे मुलांच्या मनात आले. जमेना. जपानी भाषेत ल आणि र वेगळे नाहीत, ण नाही, ळ तर नाहीच; ‘सोलापूर’ कसेबसे निघाले, ‘बाळ’ निघेना.  मग त्यांना उताउ सापडले. २००८ मध्ये एका जपानी प्रोग्रामरने फुकट उपलब्ध करून दिलेले हे साधन, ज्यात कुणीही स्वतःची अक्षरे स्वतःच्या आवाजात भरून आवाजकोश करू शकतो. त्याच वर्षी एक एप्रिलला थट्टा म्हणून काढलेली कासाने तेतो ही खोटी गायिका याच साधनावर खरी झाली आणि आज मिकूच्या शेजारी उभी आहे. यासाठी जपानी मुले जी अक्षरांची यादी म्हणतात ती मला दाखवली तेव्हा मी हसलोच. ती बाराखडी होती. आपली मात्र अधिक लांब : चौतीस व्यंजने गुणिले बारा, म्हणजे ४०८ अक्षरे, आणि वर स्वर.

आवाज कुणाचा घ्यायचा यावर दोन रविवार गेले. शेवटी एका मुलीने आपल्या अव्वाचे नाव सुचवले. अव्वा पद्मशाली, घरात तेलुगू, चाळीस वर्षे विड्या वळलेल्या. आवाज किंचित घोगरा, पण ळ असा की ऐकत राहावे, कारण तो तिच्या तेलुगूतही आहे आणि शेजारच्या कन्नडमध्येही. मुलांनी तिला सारे समजावून सांगितले : तू नुसती अक्षरे म्हणायची, पुढे तुझ्या आवाजात कुणीही काहीही म्हणवून घेऊ शकेल. अव्वाने मांडीवरचे सूप बाजूला ठेवले आणि विचारले, ‘‘कुणीबी म्हंजे कोण?’’

यावर पुढच्या रविवारी मुलांनी वहीच्या पानावर अटी लिहून आणल्या. आवाजकोश वाचनालयाबाहेर द्यायचा नाही. शिवी, जाहिरात आणि प्रचार म्हणवून घ्यायचा नाही. नवे गाणे झाले की आधी अव्वाला ऐकवायचे, आणि तिने नको म्हटले तर पुसायचे. अव्वाने एक अट आपली घातली : ती गेल्यावर कोश नातीकडे जाईल आणि नातीला वाटेल तेव्हा बंद होईल. खाली तिचा अंगठा नाही, सही आहे. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती शिकलेली. मुद्रण दुपारी, यंत्रमागांना सुट्टी असते त्या वारी करतात, कारण एरवी खडखडाट आत येतो. कपासून मपर्यंत झाले आहे.